‘९१ चालतं’ म्हणून भरलं, पण ते कुठलं ९१? एका टर्बो पेट्रोल गाडीचं प्रकरण

मालकांचं नाव बदललंय, गाडीचं मॉडेल मुद्दाम गाळलंय, बाकी जसं झालं तसं लिहितोय. मी पुण्यात एका गॅरेजमध्ये डायग्नोसिसचं काम बघतो, म्हणजे स्कॅनर लावणे, डेटा लॉग करणे, तो वाचणे. या केसमध्ये आमच्याकडून एक साधी गोष्ट बघायची राहिली आणि त्यामुळे मालकांचे पैसे आणि जवळपास पाच महिने गेले. तेही लिहिलंय, कारण असंच बऱ्याच जणांच्या बाबतीत होत असणार असं मला मनापासून वाटतं.

पार्श्वभूमी

निरंजन सर (हे बदललेलं नाव) कोथरूडला राहतात, कामासाठी महिन्यातून दोन-तीन वेळा कोल्हापूर. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी २०१८ ची जर्मन सेडान सेकंडहँड घेतली. २ लिटर टर्बो, डायरेक्ट इंजेक्शन, ड्युअल क्लच गिअरबॉक्स, मीटरवर ४६ हजार किलोमीटर. आधीच्या मालकाने सर्व्हिस रेकॉर्ड दिलं, दोन चाव्या दिल्या, गाडी खरंच स्वच्छ होती. पेट्रोल कुठलं टाकायचं हे विचारल्यावर ‘चांगल्या पंपावर भरा, बाकी काही नाही’ एवढंच उत्तर मिळालं.

सर अभ्यासू माणूस आहेत, त्यांनी स्वतः नेटवर शोधलं. तिथे त्याच इंजिनच्या अमेरिकेतल्या एका मालकाने लिहिलेलं की कंपनी ९१ ऑक्टेनचं (पेट्रोल आपोआप पेटायला किती विरोध करतं तो आकडा) पेट्रोल सांगते, मी पहिल्यापासून ९१ वर चालवतोय, काही प्रॉब्लेम नाही. आपल्याकडचं साधं पेट्रोल तेव्हा ९१ ऑक्टेनचं. आकडा जुळला, विषय संपला. तेव्हापासून गाडीत साधं पेट्रोल, कधीमधी पंपावरचा पोरगा आग्रह करायचा म्हणून प्रीमियम.

काय होत होतं

हिवाळाभर गाडी मस्त चालली. मार्च-एप्रिल २०२२ मध्ये ऊन वाढलं तसं पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढताना इंजिनमधून बारीक खडखड यायला लागली, पत्र्याच्या डब्यात चार खडे टाकून हलवल्यासारखी. येताना बोगद्यातून यायचं असतं, तिथे चढ तेवढा नाही, त्यामुळे येताना आवाज नाही. गाडी उचल खायची नाही, पाय दाबला की क्षणभर अडखळायची, आणि हायवेला १२-१३ देणारी गाडी साडेनऊ-दहावर आली. मेमध्ये एकदा घाटातच चेक इंजिनचा लाइट लागला, लुकलुकला आणि गाडीची पॉवर कमी झाली.

मे महिन्यात आम्ही काय केलं

गाडी आमच्याकडे आली तेव्हा मेमरीत तिसऱ्या सिलिंडरच्या मिसफायरचा, म्हणजे तिथे मिश्रण नीट न पेटल्याचा, कोड होता. आमच्या मिस्त्रींनी प्लग काढले तर इन्सुलेटरवर विटकरी लाल थर. सरांना विचारलं तर म्हणाले, आवाज यायला लागल्यापासून प्रत्येक टाकीला ऑक्टेन बूस्टरची बाटली टाकतोय. तो लाल थर त्याचाच. या बाटल्यांमध्ये बऱ्याचदा मँगनीज नाहीतर लोखंडाची संयुगं असतात, ती जळून प्लगवर असा थर बसवतात आणि थर वाढला की स्पार्क भलतीकडून पळतो, म्हणजे मिसफायर. आणि बाटलीवर ‘२० पॉइंट वाढेल’ असं काही लिहिलेलं असलं तर तिथे पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा दशांश, २० पॉइंट म्हणजे ९१ चं ९३, तेही बाटली जेवढ्या पेट्रोलसाठी आहे तेवढंच टाकीत असेल तर. लोकांना वाटतं ९१ चं १११ होणार.

आम्ही प्लग बदलले, तिसऱ्या सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) बदलली, बाटल्या बंद करायला सांगितलं. कोड गेला. पंधरा दिवसांत पाऊस सुरू झाला, गाडी छान चालायला लागली, आवाज गायब. सर खूश, आम्ही खूश, फाइल बंद.

हा पहिला निर्णयाचा क्षण होता आणि तो आमचा चुकला. माणूस बूस्टर का टाकत होता? आवाज येत होता म्हणून. म्हणजे आवाज आधीचा, लाल प्लग नंतरचे. आम्ही नंतरचं दुरुस्त केलं आणि आधीचं पावसाने झाकलं. हवा थंड झाली की इंजिनमध्ये जाणारी हवाही थंड, आणि थंड हवेत नॉकिंग आपोआप कमी होतं. आमच्या दुरुस्तीचा त्या आवाजाशी काही संबंध नव्हता.

नॉकिंग म्हणजे नेमकं काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. प्लगने ठिणगी टाकली की ज्वाला प्लगपासून पसरत जाते, आणि लांबच्या कोपऱ्यातलं मिश्रण तोवर दाबलं जातं, तापत राहतं. ज्वाला पोचायच्या आत ते स्वतःहून पेटलं तर सिलिंडरमध्ये दाबाच्या लाटा आदळतात, तो आवाज म्हणजे नॉक. ऑक्टेन आकडा म्हणजे पेट्रोल असं स्वतःहून पेटायला किती विरोध करतं त्याचं माप. त्याचा ताकदीशी थेट संबंध नाही, जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त दम असं नसतं. टर्बो इंजिनमध्ये हवा आधीच दाबून आत येते म्हणून तिथे हा विरोध जास्त लागतो, उन्हाळ्यात आणि लोडवर तर आणखीच.

ऑक्टोबर २०२२: झाकणाच्या आतलं स्टिकर

पाऊस संपला, ऑक्टोबरचं ऊन तापलं आणि सरांचा फोन आला, ‘अहो, खंबाटकीत परत तोच आवाज.’ यावेळी मी काही उघडायच्या आत लॅपटॉप लावला आणि त्यांच्याबरोबर कापूरहोळ-शिरवळकडून घाटात गेलो. गाडी सर चालवत होते, मी फक्त आकडे बघत होतो. नॉक सेन्सरने नॉक पकडला की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्या सिलिंडरचा स्पार्क उशिरा टाकतो, किती अंश उशिरा ते स्कॅनरवर दिसतं. चढावर उणे ६, उणे ७, एका सिलिंडरला उणे ९ पर्यंत. आणि हे एखाद-दुसऱ्या क्षणी नाही, चढ संपेपर्यंत सलग.

स्पार्क उशिरा म्हणजे पिस्टन खाली जायला लागल्यावर दाब तयार होणार, ढकलायला कमी आणि एक्झॉस्टमध्ये उष्णता जास्त, मग ती उष्णता आवरायला ईसीयू जास्तीचं पेट्रोल ओतणार. मायलेज का पडलं त्याचं उत्तर तिथेच मिळालं.

घाट उतरून एका पंपावर थांबलो. टाकीचं झाकण उघडलं आणि आतल्या बाजूचं स्टिकर पहिल्यांदा नीट वाचलं. ९८, आणि पुढे कंसात ९५, खाली आरओझेड / आरओएन. मी सरांकडे बघितलं, सर माझ्याकडे. मे महिन्यात गाडी आमच्याकडे चार दिवस होती, आमच्यातल्या एकानेही हे झाकण उघडून वाचलं नव्हतं.

दोन वेगळे ९१

आरओझेड हे जर्मन नाव, आरओएन हे इंग्लिश, दोन्ही एकच: रिसर्च पद्धतीने मोजलेला ऑक्टेन. एका ठरावीक टेस्ट इंजिनवर ६०० आरपीएमला पेट्रोलची तुलना आयसोऑक्टेन, ज्याला १०० धरलंय, आणि एन-हेप्टेन, ज्याला ० धरलंय, यांच्या मिश्रणाशी करतात. दुसरी पद्धत मोटर, ती ९०० आरपीएमला आणि खूप गरम मिश्रणावर, त्यामुळे तोच नमुना तिथे साधारण ८ ते १० ने कमी आकडा दाखवतो. युरोपात आणि आपल्याकडे पंपावर पहिला आकडा सांगतात. अमेरिकेत दोन्हींची सरासरी सांगतात.

म्हणजे अमेरिकन पंपावर लिहिलेलं ९१ हे आपल्या भाषेत ९५-९६ च्या आसपासचं पेट्रोल. आणि आपलं तेव्हाचं साधं ९१ तिकडे नेलं तर त्यावर ८७ लिहावं लागेल, तेच जे ते साध्या गाड्यांत भरतात. त्या अमेरिकन मालकाचं काही चुकलेलं नव्हतं, तो त्याच्या गाडीला बरोबर पेट्रोल देत होता. सरांचंही वाचन चुकलं नव्हतं. मोजपट्टी बदललेली होती आणि ती कुठे लिहिलेली नव्हती. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपण सगळे गाडीबद्दल तिकडचंच वाचतो, तिकडचेच व्हिडिओ बघतो.

स्टिकरवरच्या कंसालाही अर्थ असतो. मॅन्युअल काढून वाचलं: ९८ भरा, ९५ चालेल पण पॉवर थोडी कमी मिळेल, आणि दोन्ही मिळालं नाही तर अडचणीपुरतं ९१ टाकून मध्यम आरपीएमवर, इंजिनवर कमीत कमी लोड देत जा आणि लवकरात लवकर बरोबर पेट्रोल भरा, नाहीतर इंजिन खराब होऊ शकतं. सर वर्षभर त्या ‘अडचणीपुरत्या’ खान्यात गाडी चालवत होते, तेही घाटात.

आणि ते अधूनमधून टाकलेलं प्रीमियम? पंपावरच्या पावत्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या, त्यातलं बरंचसं नुसतं अ‍ॅडिटिव्हवालं होतं. इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवणारं केमिकल घातलेलं, पण ऑक्टेन ९१ च. प्रीमियम हा शब्द अशा पेट्रोललाही लावतात आणि जास्त ऑक्टेनच्या पेट्रोललाही, त्यामुळे पंपावर ‘प्रीमियम आहे का’ असं विचारून उपयोग नाही, ‘ऑक्टेन किती’ असं विचारायला लागतं.

९५ भरलं, पण

टाकी रिकामी होत आली की ९५ भरायचं, अशा सलग दोन टाक्या करायला सांगितलं, कारण एका टाकीत जुनं थोडंफार उरतंच. मग परत तोच घाट, तेवढंच ऊन. उणे ९ होतं तिथे आता उणे ४, उणे ५. आवाज कानाला येत नव्हता. सर म्हणाले झालं की मग.

इथे दुसरा निर्णयाचा क्षण. मेमध्ये एकदा ‘झालं’ म्हणून फसलो होतो, त्यामुळे यावेळी थांबलो. मॅन्युअल ९५ ला परवानगी देतंय, मग ९५ वर सलग उणे ४-५ का? इंजिन ऑइल बघितलं, ठीक. एअर फिल्टर, इंटरकूलरचे पाइप, प्लगचा गॅप, ठीक. पंपावर भेसळ आहे का म्हणून डेन्सिटी तपासून मागितली, १५ डिग्रीला बदललेला आकडा पंपावर लिहिलेल्या आकड्याशी ३ च्या फरकात असावा लागतो, तो होता. हे तपासायचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे, पेट्रोलचा थेंब टाकून डाग राहतो का ते बघायला फिल्टर पेपरही मागता येतो, संकोच करू नका.

मग लॉगमध्ये बूस्टचा, म्हणजे टर्बो हवा किती दाबतो त्याचा, कॉलम उघडला. कंपनीच्या सॉफ्टवेअर फाइलमध्ये जेवढा दाब मागितला जायला हवा त्यापेक्षा साधारण ०.३ बार जास्त मागितला जात होता. सेन्सर चुकत नव्हता, ईसीयू स्वतःच मागत होता. म्हणजे गाडी रीमॅप केलेली, पॉवर वाढवायला ईसीयूचं सॉफ्टवेअर बदललेलं. सरांनी आधीच्या मालकाला फोन लावला, तो जरा घुटमळला आणि मग म्हणाला, हो, स्टेज १ केलंय, ९७-९८ च्या पेट्रोलसाठीची फाइल आहे, मी शंभरचं भरायचो. पुण्यात १०० ऑक्टेन डिसेंबर २०२० पासून मिळतंय, इंडियन ऑइलचं एक्सपी१०० आलं तेव्हा पहिल्या दहा शहरांत पुणे होतंच, त्यामुळे त्याला ते जमत होतं. विकताना सांगायचं मात्र राहून गेलं.

म्हणजे झाकणावरचं स्टिकरही या गाडीला पुरेसं नव्हतं. स्टिकर फॅक्टरीतल्या गाडीसाठी, आत सॉफ्टवेअर दुसरंच.

समोर असलेले पर्याय

गॅरेजमध्ये चहा घेत तासभर बसलो, कागदावर मांडलं.

कायम १०० ऑक्टेन भरणं. इंजिनच्या दृष्टीने उत्तम, एकही प्रश्न राहत नाही. पण तेव्हा पुण्यात साधं १०६ च्या आसपास, ९५ त्याहून पाच-सात रुपये वर, आणि १०० चा भाव लिटरमागे दीडशेच्या वर. सरांचं रनिंग महिन्याला हजार-बाराशे किलोमीटर, म्हणजे साधारण १०० ते १२० लिटर. ९५ च्या तुलनेत महिन्याला चार-पाच हजार जास्त. आणि खरी अडचण पैशांची नव्हतीच, कोल्हापूरहून परत येताना ते मिळणार कुठे? शिवाय जिथे विक्री कमी तिथे तो माल टाकीत किती दिवस पडून आहे हाही विचार करावा लागतो.

९५ आणि १०० अर्धं-अर्धं मिसळणं. अंदाजे ९७-९८ मिळतं, बरेच जण करतात. पण दर वेळी दोन पंप आणि डोक्यात हिशोब. सर स्वतःच म्हणाले की तीन महिन्यांनी मला कंटाळा येईल आणि मी परत काहीतरी टाकेन.

बूस्टर. तो विषय लाल प्लगांनी संपवला होता.

कंपनीची मूळ फाइल परत टाकणं. सगळ्यात सुरक्षित. सरांचा कल आधी याकडे नव्हता, कारण त्यांना आता कळलं होतं की आपली गाडी जास्त पॉवरची आहे आणि तसं कळल्यावर सोडवत नाही, हे मी समजू शकतो.

९५ साठी बेतलेली फाइल, म्हणजे बूस्ट आणि स्पार्क दोन्ही खाली आणून.

माझं मत मूळ फाइलचं होतं. आमच्या मिस्त्रींचंही. मुद्दा एकच मांडला: तुम्ही गाडी कुठे चालवता त्या रस्त्यावर जे पेट्रोल खात्रीने मिळतं त्याच्यासाठी गाडी सेट करा, गाडीसाठी पेट्रोल शोधत फिरू नका.

काय केलं

सरांनी दोन दिवस घेतले आणि ९५ ची फाइल निवडली. आम्ही अट घातली की आधी बोअरस्कोपने (प्लगच्या भोकातून आत घालायचा बारीक कॅमेरा) पिस्टन बघणार, कॉम्प्रेशन घेणार, म्हणजे प्रत्येक सिलिंडर दाब किती धरतो ते मोजणार, त्यात काही निघालं तर फाइल विसरायची. वर्षभर नॉक खाल्लेल्या इंजिनमध्ये पिस्टनच्या रिंगांमधला भाग तुटलेला मी आधी पाहिलाय. नशिबाने पिस्टन स्वच्छ होते, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळजवळ सारखं.

फाइल ज्या ट्यूनरने टाकली त्याच्याकडून नुसता ‘झालं’ असा शब्द न घेता डायनोवर (गाडी जागेवरच रोलरवर पळवून ताकद मोजायचं यंत्र) लॉग मागितला, रस्त्यावर पाय दाबून नाही. पहिल्या रनला तिसऱ्या सिलिंडरला उणे ३ दिसत होतं, त्याने स्पार्क अजून थोडा मागे घेतला, मग चारही सिलिंडर ० ते उणे दीडमध्ये आले. तेलही बदललं, एपीआय एसपी ग्रेडचं घातलं, कारण अशा टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांमध्ये कमी आरपीएमला जोरात पाय दाबला की ठिणगीच्याही आधी मिश्रण पेटण्याचा एक वेगळा प्रकार असतो आणि हे ग्रेड त्याचा विचार करून बनवलंय. आणि सरांना सांगितलं की मायलेजसाठी घाटात वरच्या गिअरमध्ये १५०० वर ओढत नेऊ नका, एक गिअर खाली घ्या, इंजिनला तेच बरं.

निकाल

एप्रिल २०२३ मध्ये, मुद्दाम दुपारच्या उन्हात, परत खंबाटकी. जास्तीत जास्त उणे २, तेही दोनदा, लगेच परत शून्य. आवाज नाही. हायवेचं मायलेज १२ च्या पुढे. आधीच्या फाइलपेक्षा पॉवर कागदावर कमी आहे, पण सर म्हणतात गाडी आधीपेक्षा जास्त पळते, आणि ते खरंच आहे, कारण आधीची पॉवर ९१ वर त्यांना कधी मिळालीच नव्हती.

सरांनी पुणे-कोल्हापूर रस्त्यावरच्या ९५ मिळणाऱ्या पंपांची यादी केलीये आणि पाव टाकी राहिली की भरतात, रिझर्व्हची वाट बघत नाहीत.

परत करायचं झालं तर

पहिल्या दिवशी झाकण उघडून वाचलं असतं. मालकाला ‘पेट्रोल कुठे भरता’ हे सगळेच विचारतात, ‘किती ऑक्टेनचं’ हे विचारलं असतं. कोड वाचून थांबलो नसतो, लोडवर लॉग घेतला असता, आणि पावसात बरी झालेली गाडी उन्हात परत बोलावली असती. आता आमच्या जॉबकार्डवर झाकणावरचा आकडा लिहायची जागा केलीये. प्लग बदलावे लागलेच असते, पण ती कॉइल बहुतेक चांगली होती, तिचे पैसे आम्ही सरांना पुढच्या सर्व्हिसमध्ये वळते केले. सेकंडहँड टर्बो गाडी घेताना बूस्टचा एक लॉग घ्यायला अर्धा तास लागतो, तो सरांनी घ्यायला हवा होता असं तेही म्हणतात.

त्यानंतरचं: इथेनॉल

२०२५ मध्ये सर परत आले, मायलेज अर्धा-पाऊण किलोमीटरने पडलंय म्हणून. त्यांना वाटलं परत नॉक. लॉग घेतला, नॉक अजिबात नाही, उलट आधीपेक्षा कमी. पण फ्युएल ट्रिम अधिक बाजूला सरकलेला, म्हणजे ईसीयू जास्त पेट्रोल टाकतोय. मोजपात्रात ९० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घालून हलवून उन्हापासून लांब, मोकळ्यावर ठेवलं. खालचा पाण्याचा थर १० मिलीचा २७-२८ झाला. इथेनॉल पाण्यात उतरतं, पेट्रोल उतरत नाही, म्हणजे ते साधारण २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल होतं. इथेनॉलचा ऑक्टेन १०० च्या वर असतो त्यामुळे नॉकला ते चांगलंच, पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश, म्हणून १० टक्क्यांवरून २० वर गेलं की तीन-चार टक्के मायलेज जाणारच. ते गाडीतलं दुखणं नाही.

२०१८ ची गाडी २० टक्क्यांसाठी बनवलेली नाही, हा प्रश्न मात्र खरा आहे. सध्या ठरवलंय ते असं: ९५ च चालू ठेवायचं, गाडी आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवायची म्हणजे आत ओलसर हवेला जागा राहत नाही, दर सर्व्हिसला फ्युएल लाइनचे रबरी पाइप आणि सील हाताने तपासायचे आणि हाय प्रेशर पंपाचा दाब लॉग करायचा. मागच्या वेळी पाइप मऊ पडलेला नव्हता, दाबही बरोबर होता. पुढची तपासणी दिवाळीच्या आधी आहे.